डासताईचं टोपण

समोरच्या दारात डासताई राहते. इस्पितळात रोज पन्नास जणांचं रक्त काढते, म्हणून हे नाव मीच ठेवलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तेव्हा ते गल्लीभर झालं यात नवल काय!

एचआयव्हीवर औषध नव्हतं, नुसती भीती होती, तेव्हा वॉर्डातली माणसं रुग्णाची ताटली पायानं सरकवत. ही मात्र खुर्ची ओढून शेजारी बसायची, शांतपणे शीर शोधायची. नव्या पोरींना तिचा एकच धाक: वापरलेल्या सुईवर टोपण परत लावाल तर याद राखा!

आणि एक दिवस स्वतःच लावलं. रुग्णाची म्हातारी आई चाचपडत ट्रेकडे हात नेत होती. तिला टोचू नये म्हणून हिनं घाईनं टोपण दाबलं, नि सुई हातमोज्यातून थेट अंगठ्यात. रुग्ण एचआयव्हीचा, नुकताच सापडलेला, औषध सुरू न झालेला.

तासाभरात तिनं पहिली गोळी घेतली. पुढे अठ्ठावीस दिवस गोळ्या. मला सुगावा लागला तो ओकाऱ्यांनी.

"या वयात गोड बातमी की काय गं?" मी दारातूनच विचारलं.

तिनं मला आत ओढलं, कडी लावली नि सगळं सांगितलं. "हा विषाणू पांढऱ्या पेशीत शिरतो, स्वतःचा मजकूर तिच्या गाभ्यात घुसडतो. मग तो निघत नाही."

"म्हणजे भाडेकरूनं घराच्या कागदांवर नाव चढवायचं!"

"तसंच. गोळ्या त्याआधी त्याचा हात धरतात. धरला का, ते खात्रीनं तीन महिन्यांनी कळेल."

"आणि नाही धरला तर?"

"तर जन्मभर गोळ्या. त्या घेतल्या तर माणूस जगतो गं आता. पण लोक अजून ताटली पायानंच सरकवतात. वहिनी, तोंड सांभाळ."

तीन महिने ओठ शिवून बसले. दूधवाल्यानं विचारलं, "ताई वाळल्या का हो?" म्हटलं, "डाएट."

रिपोर्टच्या दिवशी ती पाकीट घेऊन जिन्यातच बसली. हजारोंचे रिपोर्ट हाताळलेली बाई, पण बोटं पाकीट फोडेनात. "तू वाच."

"निगेटिव्ह!" मी ओरडले.

"आधी नंबर वाच." गवगवा नको म्हणून नमुन्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर. तिनं पर्समधून नंबराची चिठोरी काढली. मी एकेक आकडा वाचू लागले नि शेवटच्यावर अडखळले. तिचा चेहरा पांढराफटक. मी चष्मा पदराला पुसला, पुन्हा बघितलं.

"सात."

तिनं चिठोरीवर बोट ठेवलं. सातच. तिनं कठड्याला डोकं टेकलं.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"तीन महिने?" तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "हात पुढे कर बघू. आता तुझंच रक्त तपासायला हवं."