बाईंच्या तोंडची बायजा

अग्नेसबाई गेल्याचे पत्र सांगलीला माझ्या हाती पडले, त्याला आता काही आठवडे झाले. त्या आधी थोडेच दिवस मी पाटणला जाऊन त्यांना भेटून आलो होतो. मिशनच्या बंगल्यातल्या मागच्या खोलीत त्या डोळे मिटून पडल्या होत्या. तापात त्यांची मायभाषा इंग्रजी गेली होती आणि मी कष्टाने शिकवलेली शुद्ध मराठीही गेली होती. माझी चाहूल लागताच त्या म्हणाल्या, "कोन रं? मास्तर व्हय? बस की, हुबा काय ऱ्हायलायस खांबावानी!" आवाज त्यांचा नव्हता. तो बायजाचा होता. बायजाला मी कधी पाहिलेले नाही. मी बंगल्यावर गेलो त्याच्या आधीच ती वारली. तरीही तिचा आवाज मी कुठेही ओळखीन...

बाई तरुणपणी धर्मकार्यासाठी आमच्या मुलखात आल्या, तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. स्वयंपाकघरात कामाला असलेली बायजा हीच त्यांची पहिली गुरू. भाकरी थापता थापता ती बोलायची आणि बाई तिच्यामागून म्हणायच्या. नुसते शब्द नव्हे, तिचे चुकचुकणे, धाप टाकणे, वाक्याच्या शेवटी फिसकन हसणेही त्यांनी तसेच्या तसे उचलले. पुढे बायजा तापाने गेली. तिचे लुगड्यांचे गाठोडे न्यायला तिची आई तानूआई डोंगरावरून आली. आतून बाई सहज म्हणाल्या, "आये, जेवलीस का गं? का आजबी उपाशीच डोंगार उतारलीस?" म्हातारी व्हरांड्यातल्या पाटावर बसली, दाराकडे पाठ करून. तशीच पाठमोरी म्हणाली, "जेवले गं पोरी." तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी ती यायची, पाटावर डोंगराकडे तोंड करून बसायची आणि आतल्या हाकेची वाट पाहायची. मागे वळून गोऱ्या तोंडाकडे तिने एकदाही पाहिले नाही.

एकदा बाईंचे वरिष्ठ पाद्री पाहणीला आले असता बाई मामलेदारांना म्हणाल्या, "टेका की वो, पाय दुकतील!" मामलेदार पोट धरून हसले, पाद्रीसाहेब मात्र हसले नाहीत. भाषेच्या परीक्षेत नीट उतरल्या नाहीत तर बाईंना मायदेशी परत जावे लागेल, असे ते बजावून गेले. म्हणून साताऱ्याहून नुकताच मॅट्रिक झालेला मी शिकवायला आलो. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिलाच. पहाटेची प्रार्थना, पाणी उकळणे, औषधांची पेटी घेऊन वाड्यावस्त्या फिरणे, संध्याकाळी माझ्यासमोर धडा... बाईंचा हा क्रम कधी मोडला नाही. मी त्यांना मराठी शिकवी, त्या मला इंग्रजी. दिवस मावळताना त्या स्वतःला विचारीत, "आज माझ्यात काय सुधारले?" आणि मग मलाही विचारीत. मी पुढे बी.ए. झालो तो या रोजच्या प्रश्नामुळे.

बाई परीक्षेत उत्तम उतरल्या. त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी तानूआई येऊन पाटावर बसली. बाईंनी आतून आनंदाने विचारले, "आई, तुमचे जेवण झाले का?" बाईंनी पुन्हा विचारले. तेव्हा म्हातारी माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "मास्तर, माजी पोर दुसऱ्यांदा गेली वो." आणि उठून डोंगर चढू लागली. बाई दारात आल्या. म्हणाल्या, "मास्तर, तिची मुलगी माझ्याजवळ होती, आणि मी तिला सुधारून टाकले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंगल्यावर गेलो, तर स्वयंपाकघरात दोन बायका भांडत होत्या. "मीट कुठं ठिवलंस, येडे?" "तुज्या म्होरंच हाय की, डोळं फुटलं का तुजं?" मी दारातून डोकावलो. आत बाई एकट्याच होत्या, विझल्या चुलीसमोर बसून दोन्ही आवाज काढीत. पुढे हा रोजचाच पाठ झाला. प्रार्थनेनंतर बायजाची उजळणी. एकदा त्यांनी मला विचारले, "मास्तर, हे सोंग तर नाही ना? देवाला चालेल का?" मी एवढेच पाहिले, की तानूआई पुन्हा येऊ लागली आणि आतल्या हाकेला तिचे उत्तर मिळू लागले. म्हातारी वारल्यावरही सकाळची उजळणी थांबली नाही. मग मीच एकदा विचारले, "आता कुणासाठी?" बाई फिसकन हसल्या. "मास्तर, आता मी थांबले तरी ती थांबत नाही."

बाईंना मूठमाती दिली पाटणलाच. पत्र मिळाल्यावर मी जाऊन आलो आणि कुणाला नको होता म्हणून व्हरांड्यातला तो पाट सांगलीला घेऊन आलो. परवा माझी आई त्यावर बसून तांदूळ निवडत होती, अंगणाकडे तोंड, माझ्याकडे पाठ. मी शाळेतून आलो, चप्पल काढली. रोज मी "आई, जेवण झालं का?" असे विचारतो. त्या दिवशी तोंडून निघून गेले, "आये, जेवलीस का गं? का आजबी उपाशीच..."

आईचे हात सुपात थांबले. तानूआईला तिने जन्मात पाहिलेले नाही, मी तिला कधी काही सांगितलेले नाही. मागे न वळता ती म्हणाली,

"जेवले गं पोरी."