फोटोतल्या साहेबांचा शिपाई

दर सोमवारी ऑपरेशनं सुरू करण्याआधी सर खिशातून रुमाल काढायचे, कॉरिडॉरमधल्या एका जुन्या फोटोची काच पुसायचे आणि म्हणायचे, "चला, साहेबांकडे हजेरी लागली." फोटोतले साहेब शंभर वर्षांपूर्वीचे. मिशा टोकदार आणि नजर अशी, की समोरच्याचं काहीतरी चुकलेलंच आहे. हर्टफर्डशरमधल्या आमच्या लहानशा इस्पितळात सर्जरी सुरू केली ती या साहेबांनी. काच पुसणारे आमचे सर पुण्याहून आलेले, या इस्पितळातले कन्सल्टंट, म्हणजे सीनियर सर्जन. मी त्यांच्या हाताखाली शिकले.

इंग्लंडात सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात. सरांना त्याचा भारी अभिमान. जवळच्याच वॉटफर्ड गावातल्या गणपतीत एखाद्या काकू प्रसाद घेताघेता "डॉक्टर, माझा गुडघा जरा बघता का हो?" म्हणाल्या की सर हात जोडायचे. "डॉक्टर नाही काकू, मिस्टर. आणि गुडघा माझ्या हद्दीत येत नाही, मी पोटाचा माणूस." एवढं सुनावून गुडघा बघायचेच. असली माणसं तुमच्याही पाहण्यात असतील.

साहेबांचं चरित्र त्यांना तोंडपाठ होतं. साहेब खोगीर शिवणाऱ्याचे चिरंजीव. टाका घालायला बापाच्या दुकानात शिकले, चामड्यावर. लंडनला सर्जन झाले, मोठ्या इस्पितळाची नोकरी सोडून गावाकडे परतले. मोटरसायकलला हत्यारांची पेटी बांधून शेतांवर जायचे, स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांवरून काढायचे, खुर्च्यांवर आडवं टाकायचे आणि त्यावर पेशंटला झोपवून अपेंडिक्स काढायचे.

"दारावर?" आम्ही विचारायचो.

"मग? शेतकऱ्याचं टेबल डगमगतं. दार डगमगत नाही."

थिएटरमध्ये कोणी शिंकलं तर साहेब चिमटा फेकून मारत. म्हातारपणी हात थरथरला, त्याच दिवशी ग्लोव्हज काढून ठेवले ते कायमचे. सर हे सगळं अशा थाटात सांगायचे की काल दोघं एका टेबलावर जेवले असावेत.

माझं शिकण्याचं वर्ष वाईट चाललं होतं. एका पेशंटने मला पोटाला हात लावू दिला नाही. "खरा सर्जन पाठवा," म्हणाला. दुसऱ्या एका कन्सल्टंटने त्याला समजावण्याऐवजी मलाच खोलीबाहेर जायला सांगितलं. मी ठरवून टाकलं, पुरे झालं, जीपी होऊ, साधी फॅमिली डॉक्टर. सरांना तसं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, मला फोटोपाशी नेलं.

"तू सातारची ना? मग ऐक. पहिल्या महायुद्धात साहेब इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हिंदी शिपायांच्या इस्पितळात होते. एक शिपाई सातारचा, पोरगाच. पोटात गोळी. ऑपरेशननंतर शुद्धीवर आला, तर सगळे गोरे चेहरे, आणि हा आईला हाका मारतोय. साहेबांनी मराठी येणाऱ्या ऑर्डर्लीला विचारलं, याच्या भाषेत धीर कसा देतात? शब्द घोटून घेतले, त्याचा हात धरला आणि म्हणाले, 'भिऊ नकोस.' असा हा चिमटे फेकणारा माणूस!"

मी तिथेच रडले. जीपी झाले नाही. पुढे त्याच इस्पितळात कन्सल्टंट झाले आणि पेशंट भूल उतरताना घाबरला की त्याचा हात धरायची सवय लागली. ती त्या शिपायामुळे.

सर रिटायर झाले. मग इस्पितळाचा कॉरिडॉर नवा करायचा ठरला आणि जुने फोटो काढून टाकायची टूम निघाली. या गोऱ्या मिशांचं आता कोणाला काय, असं तरुण स्टाफ म्हणत होता. मी भांडले. हा माणूस वेगळा होता, म्हटलं, आणि मीटिंगमध्ये शिपायाची गोष्ट सांगितली. फोटो राहिला. नव्या जागी लावायचा छोटासा कार्यक्रम ठरला, भाषण माझ्यावर आलं. मी सरांना फोन केला. "सर, शिपायाची गोष्ट सांगते हं."

"छोटं बोल," एवढंच म्हणाले.

कार्यक्रमाला साहेबांची नात आली होती, ऐंशी पार केलेली, काठी टेकत. सर पहिल्या रांगेत. मी गोष्ट सांगितली, टाळ्या झाल्या. नंतर म्हातारीने चहाचा कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर गोड आवाजात म्हणाली, "फार सुंदर बोललीस. पण आजोबा युद्धात कुठेच गेले नव्हते गं. त्यांची छाती अधू होती. आणि खरं सांगायचं तर हिंदी विद्यार्थ्यांना ते थिएटरमध्ये उभंसुद्धा करत नसत." खोगीर, मोटरसायकल, दार हे सगळं मात्र खरं, असंही तिनं सांगितलं.

मी सरांकडे पाहिलं. ते स्वतःचे बूट बघत होते. त्या खोलीत मी एकटी पडले. फोटोवर हसणारी पोरं आता माझ्यावर हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी वॉटफर्डला गेले.

"सर, तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"तो हिंदी विद्यार्थ्यांचा प्रकार? मी इथे आलो त्याच वर्षी कळलं होतं."

"तरी दर सोमवारी काच पुसत होतात?"

"त्याच्याच फोटोखाली काम करायचं होतं गं. त्याला थोडा माणसात आणला." मग हळूच म्हणाले, "खरं सांगितलं असतं, तर थांबली असतीस?"

"ते माझं मला ठरवू द्यायचं होतं. पेशंटला सांगितल्याशिवाय सुरी लावायची नाही, हे कोण शिकवत होतं आम्हाला?"

"मी," ते म्हणाले. "चहा टाकू?"

मी चहा न घेता निघाले. त्यानंतर बोलणं दिवाळीच्या शुभेच्छांपुरतं उरलं. लोक विचारायचे, सर कसे आहेत, आणि मी विषय बदलायची. ज्यांच्या शब्दावर आयुष्य उभं केलं, त्यांनीच मला तोंडघशी पाडलं होतं. आणि चुकलं, असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. क्रेमॅटोरियमबाहेर त्यांचे जुने विद्यार्थी जमले होते, आता सगळे मोठमोठे सर्जन. बोलताबोलता जालंधरचा सरदार डोळे पुसत म्हणाला, "त्या शिपायाच्या गोष्टीनं मला थांबवलं, नाहीतर मी परत चाललो होतो. आमच्या जालंधरचा होता तो. साहेब त्याला म्हणाले, डर ना, पुत्तर."

"जालंधरचा?" नायजेरियातल्या लागोसची मैत्रीण म्हणाली. "मला तर खलाशी सांगितला होता, आमच्या लागोसचा. साहेब आमच्या योरुबा भाषेत म्हणाले, मा बेरू. भिऊ नकोस."

मग तिला हसू फुटलं. "साहेबांच्या वॉर्डात बरीच गर्दी होती म्हणायची!" पण हसतानाच तिचा चेहरा बदलला. दोघं माझ्याकडे वळले. आमच्यातली मी एकटीच त्या इस्पितळात राहिले होते, खरं काय ते मलाच माहीत असणार.

"तुझा शिपाई कुठला होता? खरंच होता ना गं?" तिनं विचारलं. आवाज विनवणीचा होता.

खरं बोलायचं, एवढंच तर मी सरांकडे मागितलं होतं.

"माझा सातारचा," मी म्हणाले. "सगळ्यांवर साहेबांनीच ऑपरेशन केलं होतं."

तिचा जीव भांड्यात पडला. मला सरांचा असा संताप आला की तडक जाऊन त्यांच्याशी भांडावं. आणि भांडायला माणूस उरला नव्हता.