आमाला अक्कलकोटला जायचंय

सकाळी बसूचा फोन आला. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. फोन ठेवून मी आधी टीव्ही लावला... सांगताना आता विचित्र वाटतं, पण गेली दोन वर्षं गावाकडचा फोन आला की माझा हात रिमोटकडेच जायचा. एकेक वाहिनी पाहिली. कुठेच काही नव्हतं. मग बसूला परत फोन केला, तेव्हा कळलं की शिवलीलाअक्का पहाटे झोपेतच गेली. कुणी काही केलं नव्हतं. त्यानंतर मला रडू आलं.

अक्का माझी मावसबहीण. माझं सासर सोलापुरात, भवानी पेठेत. तिचं अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या गावात. घरात ती कानडी बोलायची आणि बालवाडीत पोरांना मराठी शिकवायची. सीमेचं भांडण आमच्या जन्माआधीचं. कुठलं गाव कुणाचं यावर दोन्हीकडचे पुढारी बोलत राहिले, आणि इकडे रस्ता खचला म्हणून बंद झालेली एसटी बंदच राहिली. नळ कोरडे. आजारी माणसाला फाट्यापर्यंत बाजेवर घालून न्यायचं. शेवटी अक्का गावातल्या बायकांना घेऊन फाट्यावर जाऊन बसली. घोषणा द्यायच्या नाहीत, रस्ता अडवायचा नाही, कुणी शिवी दिली तरी उठायचं नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलं होतं. बायका भाकरी बांधून यायच्या, दिवस कलला की घरी जायच्या. बरेच दिवस असेच गेले. बसूनं एका वार्ताहराला फोन केला तर तो म्हणाला, "काही फुटलं-बिटलं तर कळवा."

मग एके दिवशी मोटारसायकलवरून कुठलीशी पोरं आली. त्यांनी बायकांच्या मागे कर्नाटकाचा लाल-पिवळा झेंडा रोवला, आणि त्यांच्या पाठोपाठ कॅमेरा आला. "तुम्हाला कर्नाटकात जायचंय का?" माईकवाल्यानं विचारलं. अक्का म्हणाली, "आमाला अक्कलकोटला जायचंय. एसटी न्हाय." आणि मग म्हणाली, "पलीकडच्या गावात नळाला पाणी हाय, हितं न्हाय. मग माणूस तिकडं बघणारच की." संध्याकाळी टीव्हीवर फक्त ते शेवटचं वाक्य आलं. मागे झेंडा, खाली लाल अक्षरांत 'सीमेवर बंड'. पलीकडच्या कानडी वाहिनीनं तेच वाक्य कौतुकानं दाखवलं. अक्कलकोट दोन्हीकडून गळालं होतं.

त्याच सुमारास कुठेतरी एका बसवर दगड पडले. पडद्याच्या अर्ध्या भागात फुटलेल्या काचा, अर्ध्या भागात अक्काचा चेहरा. पेठेत लोक विचारायला लागले, "ती तुमचीच का हो बहीण?" मी हो म्हणायची, आणि घाईघाईनं घराकडे वळायची. अक्का डोळे दाखवायला माझ्याकडे येणार होती. मी म्हटलं, इतक्यात येऊ नकोस. "का? म्या काय चोरी केलीय व्हय?" म्हणाली, आणि आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात पाच-सहा तरुण उभे. एकाच्या हातात शाईची बाटली. मी कडी लावायला धावले, तोवर अक्का बाहेर ओट्यावर जाऊन बसलीसुद्धा.

"महाराष्ट्राशी गद्दारी करता?" बाटलीवाला ओरडला.

"मी काय बोलले ते सगळं दावलंच न्हाय, बाळा. बस हितं, सांगते."

तो थबकला. मला वाटलं, बसतोय. पण मागे मोबाइल धरून उभा असलेला म्हणाला, "अरे, चालू आहे, लाव की!" आणि बाटलीवाल्यानं तिच्या तोंडाला शाई फासली. अक्का जागची हलली नाही. तिचे हात तेवढे थरथरत होते. तो व्हिडिओ पुढे गावोगाव फिरला; त्यात हात दिसत नाहीत.

मी तिला हात जोडून म्हटलं, अक्का, आता पुरे. तिनं तोंड खसाखसा धुतलं, डोळे तपासून घेतले आणि ती परत फाट्यावर गेली. आता मात्र गाड्या भरभरून कॅमेरे आले. अक्का उठून सगळ्यांच्या मागे जाऊन बसली. "माज्या तोंडाचं काय घेताव? नळाचं घ्या की." नळाचं कुणी घेतलं नाही. दोन दिवसांत सगळे कॅमेरे निघून गेले. बायका बसतच राहिल्या, आणि मी इथे रोज रात्री बातम्या संपेपर्यंत जीव मुठीत धरून.

बऱ्याच महिन्यांनी रस्ता झाला आणि दिवसाला एक फेरी सुरू झाली. पहिल्याच दिवशी अक्काचा अक्कलकोटहून फोन. "आलो बग आमी!" मी विचारलं, कुणी फोटो काढला का? "फोटू कसला? तिकीट काढलं," म्हणाली, आणि लई हसली...

गावी तिचे दिवस झाल्यावर मी सोलापूरला परत यायला निघाले. बसू फाट्यापर्यंत सोडायला आला. रस्त्याच्या कडेला बायका बसलेल्या होत्या. पाणी अजून आलेलं नाही. मला वाटलं होतं, अक्का गेल्यावर हे थांबलं असेल. त्यातली एक सरकली, पदरानं जागा झाडली आणि म्हणाली, "एसटीला येळ हाय. बसा की."

बसले. बसल्याबरोबर मान वळवून रस्ता बघायला लागले. कोण येईल, कुठून फोटो काढेल, खाली काय लिहील... एवढ्यात वळणावरून एसटी आली. कंडक्टरनं दार उघडलं. दिवसाला एकच फेरी आहे, हे मला ठाऊक होतं.

मी बसल्या जागेवरून हात हलवला, "जा तुम्ही."