फळीचं पोट

मी बारावीत होते. घरात केबल नवी नवी आली होती, आणि दादा मनालीच्या ट्रेकवरून परतला तो डोकं फिरवूनच. एकाच फळीला दोन्ही पाय बांधून लोक बर्फावरून घसरतात, ते त्याने तिथे पाहिलं होतं. आता पुन्हा जायचं, तेही स्वतःची फळी घेऊन! आमचे बाबा वसईच्या खाडीवर होड्या बांधायचे. आदल्या दिवसापर्यंत ते "हाडं गोळा करायला कोन जानार?" म्हणून ओरडत होते आणि एकाएकी म्हणाले, "मी करून देतो." तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

वालीवच्या वखारीतून पातळ प्लाय आणला. तीन थर चिकटवले, खाली सनमायका. दादाकडे मासिकातलं चित्र होतं. फळी जमिनीवर ठेवली की मधून किंचित उचललेली दिसली पाहिजे. बाबांची झाली उलटी, मधोमध चांगलं पोट सुटलेली.

"होडीवाल्याला पोटाशिवाय काही सुचेल का!" दादा हसला.

मिठागरातल्या ढिगावरून घसरून बघायचं ठरलं. "तू हलकी आहेस, आधी तू," दादा म्हणाला. मनात नव्हतं, पण भित्री म्हणवून कोण घेणार? फळीवरच्या रबरी पट्ट्यांत पाय अडकवले. दोन हात गेले नसेन, तोच फळी पोटावर गर्रकन फिरली आणि मी पाठमोरी खाली! कोपर सोलवटलं, त्यात मीठ. आई गं! रडत रडत मी दादाला नाही नाही ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "सवयीने जमेल."

घरी माझं कोपर बघून बाबा पांढरेफटक पडले. "तू कशाला चढलीस? पडायचं तर त्याने पडायचं होतं!"

म्हणजे पोट मुद्दाम ठेवलं होतं. दादाने इथेच मिठावर एकदा सपाटून आपटावं आणि नाद सोडावा म्हणून.

"बाबा, तो नाय सोडत नाद. तिकीट काढलंय त्याने. हीच फळी नेणार तो." तिथे ती अशीच फिरली तर खाली दरी असेल, एवढंच मला दिसत होतं.

बाबांनी ती फळी करवतीने कापली. दुसरी केली, मधून उचललेली, अगदी चित्रातल्यासारखी. कडा घासताना ते दर वेळी बोट फिरवून बघत होते. एवढ्या होड्या बांधल्या, पण एखादी कड इतकी जपून घासताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी दादा स्वतः ढिगावर चढला. बाबा खाली दोन्ही हात पसरून उभे. फळी सरळ सुटली, जराही न फिरता, आणि बाबांच्या हातांना चुकवून थेट बांधाकडे निघाली.

"अरे, थांबायला येतं का तुला?" बाबा ओरडले.

"ते मनालीला गेल्यावर शिकेन!"

बाबा तसेच हात पसरून बांधाकडे धावत सुटले.