सामाईक डबा

नानाची आणि माझी शेवटची भेट दौंडला माझ्याच घरी झाली. मोटरसायकलला मागं खोकं बांधून हा माझा धाकटा भाऊ केंदूरहून थेट दारात! घोटभर पाणी प्यावं, दम खावा, ते नाही. चपला काढता काढताच विचारलं, "आक्के, तुझा राउटर कुठं हाय?" खोक्यातून त्यानं डबा काढला. आत डिस्क असलेलं यंत्र ते, पण आमच्यात त्याचं नाव डबाच. तो घरच्या वायफायला जोडला की सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो, व्हिडिओ आपोआप त्यात जाऊन बसतात. हिरवा दिवा लुकलुकायला लागला तसा नाना लहान पोरासारखा खूश. "केंदूरच्या डब्यातलं समदं आता इकडं येणार. नेट सावकाश हाय, दिवस लागतील. दिवा लुकलुकतोय तवर बटन बंद करायचं न्हाई, पाव्हणं आलं तरी!" आणि त्याच आठवड्यात सकाळी आमच्या थोरल्या भावाचा, आप्पांचा फोन आला. "शकू... नाना गेला गं. छातीत कळ आली, दवाखान्यापत्तूर बी न्हाई पोचला."

नाना म्हणजे उतावळेपणाचा अर्क. शेतात ठिबक आलं तेव्हा पहिला थेंब दाखवायला त्यानं आख्खी आळी गोळा केली होती. आप्पा त्याच्या अगदी उलटे, ताकही फुंकून पिणारे. वाटणी झाली तेव्हा अंगणात मधोमध भिंत उभी राहिली आणि दोघांचं बोलणं विहिरीच्या पाळीपुरतं उरलं. विहीर तेवढी सामाईक राहिली होती. केंदूरला पहिला डबा आणल्यावर नानानं भिंतीवरून वायर टाकून आप्पांच्या घरातही वायफाय नेलं आणि डब्यातल्या फोल्डरला नाव दिलं, सामाईक. दोन्ही घरांची पोरं भराभर फोटो टाकायला लागली. आप्पा मात्र जागचे हलले नाहीत. आमच्या आईचा एकुलता एक व्हिडिओ त्यांच्या जुन्या फोनमध्ये होता. बॅटरी फुगलेली, काच तडकलेली, फोन आज जाईल की उद्या अशी गत. नाना नुसता तळमळायचा. आप्पांचं ठरलेलं उत्तर, "आन् तुझा डबाच बंद पडला तर? आईचा आवाज कुठनं आणायचा?"

दसऱ्याला मी माहेरी होते. आमच्याकडं त्या दिवशी ट्रॅक्टर, मोटर, कोयता सगळ्यांची पूजा होते. नानानं डबाही पाटावर मांडला, तोही चालू! हळदीकुंकू झालं आणि उत्साहाच्या भरात पठ्ठ्यानं त्याच्यासमोरच नारळ फोडला. पाणी उडालं ते नेमकं डब्याच्या फटीत. डबा केकाटायला लागला, लाल दिवा पेटला, वहिनींनी कपाळावर हात मारला. सोनं द्यायला आलेले आप्पा दारातच उभे होते. "झालं? बसलं बोंबलत?" नानानं पिन उपसली, डबा पुसला, वाळवला आणि संध्याकाळी आप्पांसमोरच भीत भीत पुन्हा लावला. आत दोन डिस्क होत्या, दोन्हींत तेच. एक गेली होती, दुसरीवर सगळं जसंच्या तसं! "आप्पा, बघा! एक मेली तरी घर चालूच हाय!" नाना अक्षरशः नाचत होता. आप्पांनी वाकून डब्यावरचा दिवा बघितला. मग खिशातला तडकलेला फोन काढून आपट्याच्या पानांसकट नानाच्या हातावर ठेवला. माझ्या तर डोळ्यांना धारा लागल्या.

एवढ्यावर थांबेल तो नाना कसला! मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली, तरी त्याला नवीन घोर. "दोन्ही एकाच पत्र्याखाली हाईत आक्के. उद्या वीज पडली तर?" म्हणून दौंडचा डबा. मी म्हटलं, अरे, मी तर हक्कसोड करून मोकळी झालेय, माहेरचं मला कशाला? राउटरची वायर खोचता खोचता म्हणाला, "जमिनीवरचा सोडलास. आई काय सातबाऱ्यावर हाय व्हय?"

तेराव्यानंतर केंदूरहून परत आले. कुलूप उघडलं तर कपाटावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला होता. सगळं येऊन पोचलं होतं. तेवढ्यात आप्पांचा फोन आला. तेराव्यापर्यंत डोळे कोरडे ठेवलेला माणूस, आवाज मात्र अगदी बारीक झालेला. "शकू, आई आली का तिकडं?"

मी घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर सामाईक उघडलं. आई विहिरीच्या काठाला उभी, पदर कमरेला खोचलेला, लांब उसाकडं बघत हाका मारतेय, "नाना! ए नाना! वाफा भरला रं, ये आता घरी..." आणि लांबून, दिसत नाही पण ऐकू येतो, तो आमच्या नानाचा आवाज.

"आलोच गं!"

मी आप्पांचा चालू फोन तसाच व्हिडिओजवळ धरला. म्हटलं, "आली आप्पा. दोघंही आलेत."