कापश्याचे झडलेले केस

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाई. आईले नाई, सुमीले तर नाईच. वाशीमच्या टायपिंग क्लासात बसली हाये, सर चहाले गेले, अन् धड्याच्या जागी कागदावर हेच निघून राह्यलं. निघू दे.

सातवीत होती मी. मामा अकोल्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई. त्यानं मले पांढरा उंदीर आणून देल्ला — लाल डोयाचा, कापसाच्या बोंडावानी! नाव ठेवलं कापश्या. आमच्या रिठद गावात सारे हासत. शेजारची काकू म्हने, लोक उंदीर धरून गावाबाहेर सोडतात, अन् हे पोट्टी त्याले पोयी चारते.

सुमी माही मैत्रीण. बौद्धायच्या घरची. आमच्या घरी तिले ओसरीपर्यंतच येऊ देत. पण कापश्या आला अन् ती आतल्या खोलीत याले लागली — खोक्यातला भुसा बदलाले, त्याले खांद्यावर घ्याले. आई पाहे, पण अडवे नाई. केवढी गोष्ट होती ते, समजते ना तुमाले?

मंग कापश्या लय खाजवाले लागला. मले वाटलं, उवा. आमच्या डोक्यात उवा झाल्या का आई मातीचं तेल चोळे, रॉकेल. मीबी तेच केलं. कंदिलातलं तेल, कापसाचा बोळा, मानेपासून शेपटीपर्यंत. चार दिवसात पाठीवरचे केस झडले. कातडी लालभडक, वर खपल्या.

सुमीनं त्याले उचललं, नाकाजवळ नेलं. "मातीचं तेल लावलं का वं?"

आई दारातच उभी. रेशनचं तेल चोरलं म्हणून काय झालं असतं? दोन थापडा. बस. पण मी म्हनली — कशी म्हनली मी? — "आई, सुमीनं हात लावला तवापासून झालं हे. तिलेच खरूज हाये."

तिच्या हातावर काहीच नव्हतं. आईनं हात पाह्यलेबी नाई. अन् ते पाहनार नाई, हे मले ठाऊक होतं. म्हणूनच तर सुमीचं नाव घेतलं. दुसऱ्या कोण्या पोरीचं घेतलं असतं का मी?

"सुमे, तू ओसरीवरच बसत जाय वं," आई म्हनली. रागावली नाई, साधंच बोलली. सुमीनं कापश्याले खोक्यात ठेवलं, झाकण लावलं अन् घरी गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं मले एक बाटली देल्ली. करंजाचं तेल. "हे लाव. त्याले झोंबत नाई." एवढंच.

लावलं मी. महिन्याभरात केस आले, पहिल्यापेक्षा दाट. आईनं साऱ्या गल्लीत सांगतलं — सुमीचं येनं बंद झालं अन् उंदीर बरा झाला. मी बाजूलेच उभी होती. हो म्हणून मान हलवली.

सुमी इथंच बसते, दोन मशीन सोडून. माह्यापेक्षा जलद टाईप करते. रोज एकाच एसटीनं येतो आमी. माह्या घरासमोरून जाते तवा आमच्या ओसरीकडे पाहत नाई.