गच्चीवरचा कॉक

आधीच सांगतो, भूत, करणी, बाहेरचं वगैरे मला आजवर कधी पटलेलं नाही. चौसाळ्यात हायवेलगत माझं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. बिघाड झाला म्हणजे कुठंतरी नट ढिला असणार, एवढीच माझी श्रद्धा. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण घडलंय माझ्याच घरात.

दुकानामागच्या गल्लीत आम्ही तयार घर विकत घेतलं. बघायला मेहुण्याला सोबत नेलं. दत्ता बांधकामाची कामं घेतो, त्याला त्यातलं कळतं. आमच्याकडं घर बघायचं म्हणजे आधी पाणी बघायचं! बोअरला पाणी किती, उन्हाळ्यात टिकतं का, टाकी गळते का... निम्मा दिवस त्यातच गेला. बाथरूममध्ये गॅसचा गिझर होता. दत्तानं नळ सोडला, कढत पाणी आलं.

"दाजी, एक नंबर हाय! घ्या डोळे झाकून."

आणि आम्ही खरंच डोळे झाकून घेतलं. बाथरूमचा झरोका आधीच्या मालकानं पत्रा ठोकून बंद केला होता, वरून चुना मारलेला. धूळ येणार नाही म्हणून माझी बायको उलट खूश झाली. जळलेला गॅस जाणार कुठून, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

उन्हाळ्यात राहायला गेलो. थंडी पडेपर्यंत गिझरला हात लावायची वेळ आली नाही. नंतरही आम्ही नवरा-बायको एक बादली भरून तो बंद करायचो. त्या रविवारी सकाळी मात्र वैष्णवी, माझी बारावीतली लेक, डोक्यावरून अंघोळीला गेली. दार आतून बंद, गिझर चालू, पोरीचं गाणं चालू.

मध्येच कधीतरी गाणं थांबलं... पण लक्ष कोणाचं होतं? मी पेपर वाचत होतो, बायको जिन्याच्या पायरीवर मेथी निवडत बसली होती. मग आतून आवाज आला, "पप्पा, पाणी गेलं!"

माझं डोकंच फिरलं. आत्ताच तर मोटर लावून टाकी भरली होती! बडबडत गच्चीवर गेलो. टाकी काठोकाठ भरलेली. तिच्या तळाशी घरात पाणी सोडायचा लोखंडी कॉक मात्र बंद... पार शेवटपर्यंत फिरवून बंद. दोन्ही हातांनी जोर लावला, हलेना. तेवढ्यात खालून बायकोची किंकाळी आली.

वैष्णवी बाथरूमच्या उंबऱ्यात पडली होती. आईकडं स्वयंपाकघरातली बादली मागायला तिनं टॉवेल गुंडाळून कडी काढली आणि तिथंच कोसळली. केसांना साबण तसाच.

"अहो, पोरगी बोलंना ओ! काहीतरी करा!"

दत्ताच्या गाडीतून बीडला नेलं. रस्त्यात मी कोणाकोणाला नवस बोललो, ते इथं लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, "कोंडलेल्या खोलीत गॅस जळत राहिला की हवा विषारी होते. वास येत नाही, माणूस गुंगीत जातो. दार अजून थोडा वेळ बंद राहिलं असतं, तर..."

संध्याकाळी पोरीनं डोळे उघडले. "मम्मी, डोकं लई दुखतंय." ते ऐकून दत्ता भिंतीला टेकून रडायला लागला. "दाजी, बोअर बगितला, टाकी बगितली... झरोका न्हाई बगितला मी." मीही तिथंच होतो की.

आता खरी गोष्ट. पाणी गेलं म्हणून तिनं हाक मारली, कडी काढली. आणि हा गिझर पाणी वाहतं तोवरच पेटतो, म्हणून तोही विझला. पण कॉक बंद केला कोणी? गच्चीवर जायला एकच जिना, तोही घरातून. त्याच्या पायरीवर माझी बायको बसलेली!

दुसऱ्या दिवशी दत्तानं कॉकला पाना लावला, हातोडी मारली. चाक तुटून हातात आलं, पण कॉक उघडला नाही. शेवटी पाइप कापून तो काढला. आत बघितलं. आमच्याकडच्या जड पाण्याचा पांढरा थर पाणी अडवणाऱ्या आतल्या पडद्यावर अखंड बसला होता, कुठं तडा नाही. कित्येक वर्षांत हा कॉक उघडलेलाच नाही, असं ते दिसत होतं. आणि उन्हाळ्यापासून आमच्या घरात रोजचं पाणी त्यातूनच येत होतं!

"दाजी, हे कसं काय ओ?"

"मला काय इचारतो!" मी खेकसलो. खरं सांगायचं तर घाबरलो होतो.

झरोका फोडून घेतला, गिझर काढला. कॉक भंगारात टाकायला निघालो, तर बायकोनं तो हातातून हिसकावून घेतला. धुतला, हळद-कुंकू लावलं आणि देवघरात नेऊन ठेवला. एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी गपचूप हात जोडले.

दत्तानं दोन प्लंबरना विचारून बघितलं, मी मिस्त्री लोकांना विचारलं. कोणालाच पटेल असं काही सांगता आलं नाही, मलाही येत नाही. आता वैष्णवी केस धुवायला गेली की मी बाथरूमबाहेर उभा राहून सारख्या हाका मारतो. ती वैतागून ओरडते, "पप्पा, जिवंत हाय मी! जावा आता दुकानाला!"

मग मी जातो.